तुमच्या मनातला आकडा

वाचकहो, हातातली फराळाची बशी क्षणभर बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या. तीन आकडी कोणतीही एक संख्या लिहा. अट एवढीच की, तिचा पहिला आणि शेवटचा अंक सारखा नसावा. आता तीच संख्या उलटी लिहा. म्हणजे ७५२ असेल तर २५७. मोठीतून लहान वजा करा. जी वजाबाकी येईल तीही उलटी लिहा, आणि या खेपेला वजा न करता त्या दोहोंची बेरीज करा. (वजाबाकी ९९ आली असेल तर ती ०९९ अशी मांडावी. शून्याला वगळले की तो रुसतो.)

झाली बेरीज? १०८९.

तुम्ही कोण, राहता कुठे, कोणती संख्या घेतलीत, यांतले मला काहीएक ठाऊक नाही. हा अंक छापखान्यात गेला तेव्हा तुम्ही ती संख्या मनात आणलीही नव्हती. तरी उत्तर मी आधीच लिहून ठेवले होते. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हा प्रयोग मी बरीच वर्षे करीत आलो आहे. तिथे मात्र संख्या तोंडाने सांगत नाही. मी पडलो मराठीचा माणूस. ग्रंथालयातली एक जाडजूड कादंबरी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देतो आणि म्हणतो, ‘‘तुझ्या बेरजेतले पहिले तीन अंक हे पृष्ठ समज, शेवटचा अंक ही ओळ समज. ती ओळ मनात वाच.’’ मग कपाळावर दोन बोटे टेकवून, जरा अडखळत, जरा थांबत, मी ती ओळ म्हणून दाखवतो. एकशेआठाव्या पृष्ठावरची नववी ओळ पाठ करायला कितीसा वेळ लागतो? पण टाळ्या अशा पडतात की, वर्षभर वृत्ते-अलंकार शिकवून त्यांतल्या चौथाईही कधी पडल्या नाहीत.

टाळ्या ओसरल्या की कोणी तरी विचारतेच, ‘‘सर, कसे केलेत?’’ आणि सांगितले की त्याचा चेहरा पडतो. ‘‘हात्तिच्या! एवढेच होय?’’ या ‘हात्तिच्या’शी माझे जुने भांडण आहे. ‘एवढेच’ कशाला? गंमत तर तिथेच सुरू होते.

पाहा ना. ७५२ मधून २५७ वजा करताना मधला पाच दोन्हीकडे तोच. त्याचे येणेजाणे फिटले. उरले शतंच्या आणि एकंच्या अंकांचे. सातशेतून दोनशे गेले आणि दोनातून सात गेले. म्हणजे पाच शंभरांतून पाच वजा झाले. म्हणजेच नव्याण्णवाची पाचपट. तुमची संख्या कोणतीही असो, वजाबाकी ९९ च्या पाढ्यातलीच येणार. तो पाढा म्हणून पाहा: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. मधे सदा नऊ, आणि कडेच्या दोघांची बेरीजही नऊच. अशी संख्या उलटून तिच्यातच मिळवली की एकंच्या घरात नऊ, दहंच्या घरात नऊ नि नऊ अठरा, त्यांतला आठ मांडून हातचा एक, शतंच्या घरात पुन्हा नऊ आणि हातचा मिळून दहा. एक हजार एकोणनव्वद. आठशे दहा निरनिराळ्या वाटांनी निघालेली माणसे एकाच दारात येतात. कारण पहिल्या वळणानंतर वाटा नऊच उरतात, आणि त्या नऊही एकाच अंगणात उतरतात.

यातला खरा जादूगार नऊ. आपल्याकडे पाढे घोकून घेत तेव्हा ‘नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस, नऊ चोक छत्तीस’ म्हणताना मास्तर हळूच सांगत की, प्रत्येक उत्तराचे अंक मिळवून पाहा. एक नि आठ नऊ, दोन नि सात नऊ. कारण अगदी घरगुती आहे. दहा म्हणजे नऊ आणि वर एक. शंभर म्हणजे नव्याण्णव आणि वर एक. हजार म्हणजे नऊशे नव्याण्णव आणि वर एक. कोणत्याही संख्येतून नवांच्या मोळ्या बांधून बाहेर काढल्या की प्रत्येक अंकामागे जो ‘वरचा एक एक’ उरतो, त्यांची बेरीज म्हणजे त्या संख्येच्या अंकांची बेरीज. जुन्या हिशेबनीसांनी याचाच ‘ताळा’ केला. मोठा गुणाकार केला की गुण्याचे अंक मिळवायचे, गुणकाचे मिळवायचे, त्यांचा गुणाकार करायचा, आणि तो उत्तराच्या अंकांशी नवाने पडताळायचा. जमला तर ताळा जमला. (चुकलेल्या हिशेबाचा ताळाही कधीमधी जमतो, हे खरे, पण न जमलेला ताळा कधी खोटे बोलत नाही.) आजही जमाखर्चात फरक निघाला आणि त्याला नवाने भाग गेला, तर मुरलेला कारकून चष्मा पुसतो आणि कुठे ५४ चे ४५ लिहिले गेले आहेत का ते शोधू लागतो. अंकांची अदलाबदल झाली की फरक नवाच्या पटीतच पडतो.

हेच गुपित दिवाणखान्यात नेले की जादू होते. समोरच्याला हवी तेवढी लांब संख्या लिहू द्या. तेच अंक त्याने हवे तसे उलटेपालटे करून दुसरी संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरातला शून्य सोडून कोणताही एक अंक त्याने खोडावा आणि उरलेले अंक, वाटेल त्या क्रमाने, तुम्हांला सांगावेत. तुम्ही त्यांची बेरीज करून पुढच्या नवाच्या पटीला किती कमी पडतात तेवढे पाहायचे. चार, आठ, एक सांगितले तर तेरा. अठराला पाच कमी. खोडलेला अंक पाच. बेरीज आधीच नवाची पट असेल तर खोडलेला नऊ. शून्य खोडू द्यायचा नाही तो याचसाठी. नाही तर नऊ की शून्य, हा पेच पडायचा.

इथपर्यंत सगळा खेळच. पण हा खेळ कधी कधी कसा अंगाशी येतो ते मी जवळून पाहिले आहे.

आमचे गाव तालुक्याचे. दोनतीन वर्षांपूर्वी बी.ए.च्या शेवटच्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी, पण उत्तरपत्रिकेत नेमके लिहिणारी. म्हणाली, ‘‘सर, एक विचारू? एखाद्याला दुसऱ्याच्या मनातली तारीख कशी कळते?’’

हळूहळू सगळे बाहेर आले. गावात एक अंकज्योतिषी महाराज उतरले होते. त्यांच्याजवळ भगव्या काठाची पाच पत्रे होती. प्रत्येकावर सोळा सोळा आकडे. महाराज समोरच्याला म्हणत, ‘‘जन्मतारीख मनात धर. सांगू नकोस.’’ मग एकेक पत्र पुढे करून विचारत, ‘‘यात आहे?’’ समोरच्याने ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. पाचवे पत्र झाले की महाराज डोळे मिटत आणि तारीख सांगत. कधी चुकत नसत. हिची तारीख त्यांनी २३ सांगितली, ती बरोबर निघाली. मग पुढचे बोलणे ओघानेच आले. दोन नि तीन पाच, पाच अंकाच्या मुलीला पुढले शिक्षण धार्जिणे नाही, एम.ए.चे खूळ काढून टाका. दोन वर्षांत लग्न झाले नाही तर घरातल्या कर्त्या पुरुषाला भय आहे. शांतीला अकरा हजार. वडील कोरडवाहू शेतकरी. पाचशे रुपये त्यांनी तिथल्या तिथे ठेवले होते, आणि उरलेल्यासाठी हिच्या फीचे बाजूला काढलेले पैसे मोडायचे घाटत होते.

मुलीने मला ‘महाराज खरे की खोटे’ असे विचारले नाही, ‘वडिलांना समजवा’ असेही म्हटले नाही. तिने विचारले, ‘‘तारीख कशी कळली?’’ इतका नेमका प्रश्न परीक्षेच्या तोंडी चाचणीतसुद्धा मला कोणी केला नव्हता.

मी तिला तिच्या पणजोबांच्या वेळचे वाण्याचे दुकान आठवायला सांगितले. म्हणजे ऐकीव. किलो-ग्रॅमची दशमान वजने आली ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. त्याआधी शेर होता, शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचा निम्मा नवटाक, आणि नवटाकाचा निम्मा छटाक. माझ्या आजोळच्या माळ्यावर ही लोखंडी वजने कितीतरी दिवस पडून होती. छटाकाला एक धरले, तर नवटाक दोन, पावशेर चार, अच्छेर आठ आणि शेर सोळा. आता या पाच वजनांनी काय काय तोलता येईल? तीन छटाक हवे तर छटाक आणि नवटाक. पाच हवे तर पावशेर आणि छटाक. एकापासून एकतीसपर्यंत कोणतेही वजन या पाचांतून निघते, आणि प्रत्येक वजन एकाच प्रकारे निघते. एकतीस! महिन्याचे दिवस तितकेच.

‘‘आता तुझे तेवीस तोल,’’ मी म्हटले. तिने बोटांवर हिशेब केला. ‘‘शेर सोळा. अच्छेर नको, चोवीस होतात. पावशेर घेतला की वीस. नवटाक बावीस, छटाक तेवीस.’’

‘‘मग शेराच्या, पावशेराच्या, नवटाकाच्या आणि छटाकाच्या पत्रावर तेवीस लिहायचा. अच्छेराच्या पत्रावर लिहायचा नाही.’’

एवढे पुरे झाले. उपस्थितीपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर तिनेच पाची पत्रे भरायला घेतली. पहिल्यावर १, ३, ५, ७ असे सारे विषम आकडे. दुसऱ्यावर २, ३, ६, ७, १०, ११ असे दोनदोनच्या जोड्यांनी. तिसऱ्यावर ४ ते ७, १२ ते १५, २० ते २३ आणि २८ ते ३१. चौथ्यावर ८ ते १५ आणि २४ ते ३१. पाचव्यावर १६ पासून सरसकट ३१. प्रत्येक पत्रावर नेमके सोळा आकडे भरले. ‘आहे, आहे, आहे, नाही, आहे’ असे कोणी म्हटले की त्या चार पत्रांवरचे पहिलेच आकडे मिळवायचे: १, २, ४ आणि १६. डोळे मिटायचे ते बेरीज करायला.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, महाराजांनी आमच्या दादांची तारीख एक सांगितली. एक जून. शाळेच्या दाखल्यावर तीच आहे, म्हणून दादांनी तीच मनात धरली. पण आजी सांगते, दादा पोळ्याच्या दिवशी झाले.’’

ही गोष्ट मला सुचली नव्हती, ती तिची. खेड्यापाड्यांतून मुलाचे नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तरांनी १ जून ठोकून द्यायची, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. त्या एका दिवशी जन्मलेली माणसे कागदोपत्री इतकी आहेत की, पाहुण्या माणसाला वाटावे, इकडे बाकीच्या दिवशी पाळणेच हलत नाहीत. महाराजांना जर वरून काही दिसत असते, तर त्यांना श्रावणी अमावास्या दिसायला हवी होती. दिसली ती मास्तरांच्या दौतीतली तारीख.

त्या रात्री तिने जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पाच पत्रे कापली आणि वडिलांसमोर मांडली. त्यांच्या मनातला आकडा ओळखला. आजीच्या, चुलत्याच्या मनातलाही ओळखला. मग पोळ्याचे बोलणे काढले. वडील काही दिवसांनी महाविद्यालयात आले होते, फी भरायला. मला म्हणाले, ‘‘सर, मास्तरांनी लिवलेलंच देवाला ठाऊक असतं म्हना की!’’ आणि खूप हसले. पाचशे रुपये गेले ते गेलेच.

आता, मराठीच्या मास्तराला ही वजनाकाट्याची विद्या कुठून, असे कोणी विचारील. ती आमच्या घरचीच आहे. छंदःशास्त्रात अक्षर एक तर लघू, नाही तर गुरू; तिसरी जात नाही. तीन अक्षरांचा एक गण. पहिले अक्षर दोन प्रकारचे, दुसरे दोन प्रकारचे, तिसरे दोन प्रकारचे. दोन दुणे चार, चार दुणे आठ. म्हणून गण आठ, सातही नाहीत आणि नऊही नाहीत. पिंगलाचे छंदःसूत्र दोन हजार वर्षांहून जुने. त्यात लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या ओळीने करायची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात. प्रस्तारातली अमुकावी मांडणी कोणती, आणि अमुक मांडणीचा क्रमांक कितवा, हे सारी यादी न लिहिता काढायच्याही युक्त्या आहेत. महाराजांची पाच पत्रे म्हणजे पाच अक्षरांचा प्रस्तार. ‘आहे’ हा गुरू, ‘नाही’ हा लघू. पाच अक्षरांच्या मांडण्या बत्तीस. त्यांतली पाची लघू असलेली, म्हणजे कुठल्याच पत्रावर नसलेली, एक वगळली की एकतीस उरतात.

गण पाठ करायला ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आपण सगळ्यांनी घोकलेले असते, पण त्याची खुबी फार थोड्यांच्या ध्यानात येते. कुठूनही लागोपाठची तीन अक्षरे उचला. ‘यमाता’ हा लघु-गुरु-गुरु, म्हणजे य गण. एक अक्षर पुढे सरका: ‘मातारा’, तिन्ही गुरू, म गण. आणखी एक सरका: ‘ताराज’, त गण. असे सरकत शेवटच्या ‘सलगा’पर्यंत गेले की आठही गण एकदा आणि एकदाच भेटतात. आठ गणांची चोवीस अक्षरे दहा अक्षरांत कोंबून बसवली आहेत, आणि कोणाला कोणाचा धक्का नाही.

मात्रावृत्तांतही असाच खजिना आहे. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रांची जागा किती प्रकारे भरता येईल? मोजून पाहा, पाच प्रकारे. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहांची तेरा. १, २, ३, ५, ८, १३ असा हा क्रम. मागच्या दोहोंची बेरीज म्हणजे पुढचा. कारण शेवटी लघू ठेवला तर आधीची एक मात्रा कमी, गुरू ठेवला तर दोन कमी. बाराव्या शतकात हेमचंद्राने हे मांडून ठेवले. इटलीतल्या फिबोनाचीचा ग्रंथ आला १२०२ साली, आणि पुढे साऱ्या जगात नाव झाले ते त्याचे.

या क्रमाचा एक चटकदार प्रयोग सांगून पुढे जातो. पाहुण्याला कोणत्याही दोन संख्या एकाखाली एक लिहू द्या, समजा ७ आणि ४. त्यांची बेरीज तिसऱ्या ओळीत, दुसरी-तिसरीची बेरीज चौथ्या ओळीत, असे दहा ओळींपर्यंत. ७, ४, ११, १५, २६, ४१, ६७, १०८, १७५, २८३. तो दहांची बेरीज करायला बसेल तोवर तुम्ही सातव्या ओळीवर नजर टाकून तिला अकराने गुणा. सदुसष्ट गुणिले अकरा, सातशे सदतीस. त्याचा मोबाईल खिशातून निघण्याच्या आत तुमचे उत्तर तयार. कारण पहिली संख्या दहा ओळींत मिळून पंचावन्न वेळा येते आणि दुसरी अठ्ठ्याऐंशी वेळा. सातव्या ओळीत त्याच पाच नि आठ वेळा. म्हणून बरोबर अकरापट.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो.

नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्यास आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तिथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळवले. १९३० ते १९६२ इतकी वर्षे त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांच्या अंगखांद्यावर खेळणे एवढाच छंद. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांचे त्यांना वेड होते. नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग केला की त्या निघतात. नऊ एकांपर्यंत डौल टिकतो, दहाव्याला हातचा येतो आणि मनोरा ढासळतो. अशा संख्यांना त्यांनी नाव दिले ‘डेम्लो’, आणि ते नाव आले कुठून, तर डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावरून. काही गणितज्ञांना हा सगळा पोरखेळ वाटे. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, आणि मग आपल्याकडेही माना वळल्या. १९८६ साली ते गेले.

त्यांनी १९४९ च्या सुमारास जे शोधून काढले ते असे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. ते अंक उतरत्या क्रमाने लावून सर्वांत मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून सर्वांत लहान करा, आणि वजाबाकी करा. उत्तराचे पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. तिथे ७६४१ उणे १४६७ बरोबर पुन्हा ६१७४. पुढे जाणे नाही.

मी वर्गात इतिहासातली साले घेऊन हे करून दाखवतो. १८५७ घ्या. ८७५१ उणे १५७८, ७१७३. मग ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पाच पावले. १९४७ लाही पाचच. १७६१, पानिपताचे साल, तेही पाचांत. महाराष्ट्र राज्य झाले ते १९६० साल मात्र दमवते: ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि सातव्या खेपेला ६१७४. आणि शिवरायांच्या राज्याभिषेकाचे साल, १६७४? ७६४१ उणे १४६७. पहिल्याच पावलाला ६१७४!

इथे वर्गात हमखास सन्नाटा पसरतो. मुलांच्या अंगावर काटा आलेला मला दिसतो, आणि खोटे कशाला सांगू, माझ्याही येतो. भगव्या काठाची पत्रे असती तर याच क्षणी किती तरी सांगता आले असते. राजांना एक पाऊल, आम्हांला सात. अंकांनीच कौल दिला! म्हणून त्याच श्वासात मी फळ्यावर १७६४ लिहितो. अंक तेच, पाऊल एकच. १६४७ चेही तेच, १४६७ चेही तेच. त्या साली कोणाचे राज्याभिषेक झाले ते सांगा, म्हणतो. सन्नाटा हसण्यात विरतो. मग कोणी तरी कापरेकरांचे जन्मसाल करून पाहते. १९०५ ला पुरती सात पावले लागतात, आणि त्याचाही अर्थ काही नाही.

मग ६१७४ च का? इथे १०८९ सारखे एका वाक्यातले उत्तर नाही, आणि मला ही संख्या जास्त आवडते ती त्यामुळेच. मोठीतून लहान वजा करताना जे उरते ते दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक. पहिल्याची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट मिळवली की वजाबाकी तयार. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका; मोजले तर जोड्या ५४ भरतात. म्हणजे ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत चोपन्न खोल्यांत येऊन बसतात. त्या चोपन्नांतून एकेक वाट हाताने काढून पाहायची. सगळ्या ६१७४ लाच मिळतात. हीच सिद्धता. तीन अंकी संख्यांना असाच एक विसावा आहे, ४९५ चा. पाच अंकींना मात्र एकही नाही. त्या फेऱ्यांत सापडतात आणि त्यांतच गरगरत राहतात. असे का, याला मोजून पाहणे हेच उत्तर.

आमच्या कन्येने एका रविवारी त्या चोपन्न चिठ्ठ्या करून स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरल्या आणि खडूने बाण काढून जोडल्या. झाड उगवावे तसे चित्र झाले. फांद्या सगळ्या एका बुंध्याकडे येणाऱ्या. तिच्या आईला त्या दिवशी भाकऱ्या गच्चीवर चूल मांडून कराव्या लागल्या. फरशी पुसायची तिची छाती होईना.

वाचकांनी आपापले जन्मसाल करून पाहावे. पहिल्या वजाबाकीनंतर कुठे तीनच अंक आले तर डावीकडे शून्य मांडायला विसरू नये, आणि लहान संख्या करताना शून्य पुढे आला तर तोही राहू द्यावा. २००० साली जन्मलेल्यांची तक्रार यायची की, आमच्या सालात तर तीन शून्ये. त्यांनी खुशाल २००० मधून ०००२ वजा करावेत. १९९८, ८०८२, ८५३२, आणि चौथ्या पावलाला पोहोचतील. २२२२ साली जन्मणाऱ्या बाळाला मात्र हा खेळ साधणार नाही. त्याची सोय त्या वर्षीच्या दिवाळी अंकाने करावी.